चैत्रांगण आणि मळवलीचा छापखाना

मुंबईहून आगगाडीने निघालेला प्रवासी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला येतो, चहा घेतो, चिक्कीची पुडी घेतो, आणि त्यानंतरचे स्टेशन कधी मागे पडले ते त्याला कळतही नाही. ते स्टेशन म्हणजे मळवली. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी पाहायची तर इथे उतरावे, एवढीच त्याची सर्वसाधारण ओळख. परंतु फाल्गुन-चैत्रात या स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहावे. डोंगरउतारावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि त्यात एकही पान अंगावर न ठेवता पळस केशरी पेटलेला असतो. पांगारा तांबडा झालेला असतो. आंब्याला बाळकैऱ्या लोंबत असतात. हा आमच्या मावळचा वसंत.

मावळ म्हटले की लोहगड, विसापूर आणि शिवाजी महाराजांचे मावळे आठवतात, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मला एका लहानशा, अंगणातल्या इतिहासाविषयी बोलायचे आहे. आपल्याकडची लहान मुले घरच्या घरी चित्र काढायला आणि रंग भरायला कशी शिकत आली, हा तो इतिहास. याची आठवण मला करून दिली ती माझ्या मुलीने.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. माझी धाकटी तेव्हा पाच वर्षांची. आम्ही सगळे मळवलीजवळच्या जुन्या घरी येऊन राहिलो होतो. एक-दोन दिवसांतच फोनवर मुलांना रंगवायला चित्रे येऊ लागली. वर मथळा होता, ‘वसंत ऋतू’. चित्रांत ट्युलिपची फुले, डॅफोडिलची फुले, टोपलीतली अंडी आणि एक गुबगुबीत ससा. घरी छपाईचे यंत्र नव्हते, म्हणून फोनच्या उजळ पडद्यावर कागद धरून मी त्या रेघा गिरवून दिल्या. मुलीने एक फूल रंगवले आणि विचारले, “बाबा, हे फूल आपल्याकडं कुठं आहे?” मी म्हटले, “काश्मीरात असतं.” ती म्हणाली, “मग आपल्याकडं वसंत नसतो का?”

इतिहासाचा प्राध्यापक असूनही मला चटकन उत्तर सुचले नाही. उत्तर दिले माझ्या आईने. ती म्हणाली, “असतो की गं! चल बाहेर, आधी अंगण झाडून घेऊ.”

तो दिवस चैत्र शुद्ध तृतीयेचा होता. या दिवशी गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. तिच्यासाठी अंगणात रोज जी रांगोळी काढायची, तिला चैत्रांगण म्हणतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या रांगोळीने मधोमध गौरीचा देव्हारा किंवा पाळणा काढतात, वर सूर्य-चंद्र, आणि भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, कासव, नाग, तुळशीवृंदावन, फणी, आरसा, हत्ती, पालखी आणि अर्थातच कैरी. कोणी एकावन्न आकृत्या सांगतात, कोणी चौसष्ट. घराघराची पद्धत निराळी. शेवटी हळद आणि कुंकू वाहिले की त्या पांढऱ्या चित्रात रंग येतो.

आता हे सारे आपण धर्माचार म्हणून पाहतो. थोडे शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहा. गोपद्म म्हणजे दोन-चार चिमटींचे काम. चार वर्षांच्या मुलीला ते साधते. स्वस्तिकात सरळ रेघ आणि काटकोन आला. कमळात वर्तुळाचे सारखे भाग करणे आले. कासवात गोलाई आली, नागात वळण आले, आणि हत्ती-पालखीपर्यंत पोचेतो मुलीचा हात चांगला तयार झालेला असतो. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा हा बिनपुस्तकाचा अभ्यासक्रमच झाला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये आपली बालशाळा काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून जगभर गेली. त्याच्या पद्धतीत चौकटी आखलेल्या पाटीवर मुले रेघा काढायला शिकत. आमच्याकडे तेच काम ठिपक्यांची रांगोळी करीत होती. फ्रोबेलने त्याचे शास्त्र लिहिले. आमच्या आज्यांनी ते लिहिले नाही, हाताला हात धरून शिकवले.

आणखी एक गोष्ट. अंगणातले चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुसले जाते. चुकले तर चुकले, उद्या पुन्हा काढायचे. त्यामुळे चुकण्याची भीती नाही. महिनाभर रोज तेच चित्र काढायचे म्हणजे तीस वेळा सराव झाला, आणि तोही कोणी ‘सराव कर’ असे न म्हणता!

रंगही घरचेच असत. पळसाची फुले रात्री पाण्यात भिजत घातली किंवा उकळली की केशरी-पिवळे पाणी निघते. रंगपंचमीला तेच वापरीत. हळदीत चुन्याची निवळी पडली की ती तांबडी होते. आईने हे मुलीला वाटीत करून दाखवले तेव्हा तिने आश्चर्याने टाळ्याच पिटल्या. काव-गेरू होता, चुना होता, भाताच्या तुसाची राख होती. मावळ हा भाताचा मुलूख, तेव्हा तुसाला काय तोटा!

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, पूर्वीचे सगळे चांगले होते. तसे मी म्हणणार नाही. या अंगणातल्या शाळेत मुलगे क्वचित बसत. जिला अंगण आहे, सकाळी तासभर सवड आहे आणि शिकवणारी आजी आहे, अशाच मुलीला ती खुली होती. पहाटे मोळी आणायला रानात जाणाऱ्या कातकऱ्याच्या पोरीला नव्हती. आणि ज्या वस्तीच्या वाटेलाच गावाने बंधने घातली होती, तिथल्या मुलांना वाड्याच्या अंगणातले चित्र पाहायलाही मिळत नसे. अंगणात उंबरठा नसतो असे आपण म्हणतो. पण न दिसणारा उंबरठा होताच.

तो ओलांडणारी एक वस्तू मळवलीलाच तयार झाली, हा इतिहासातला गमतीचा योगायोग.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत रंगीत चित्रे छापण्याचा कारखाना काढला. १८९६ पासून मुंबईत प्लेगचे थैमान सुरू झाले. कारखान्यावर कर्जही झाले होते. १८९९ मध्ये तो मळवलीला हलवला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे विकला गेला आणि त्याने तो चालू ठेवला. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यात राहून या छापखान्याचे काम केले होते.

ही छपाई दगडावरची. दगडही साधा नव्हे. त्या छपाईला बव्हेरियातला बारीक पोताचा चुनखडीचा दगड उत्तम समजत. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाई फिरवायची. तेल आणि पाणी यांचे जमत नाही, त्यामुळे शाई तेवढी रेघेला धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. म्हणून आधी मूळ चित्राच्या सगळ्या कडा नुसत्या रेघांनी उतरवून घेत, ते रेखाचित्र प्रत्येक दगडावर उमटवीत आणि कोणता रंग कुठे भरायचा ते ठरवीत. म्हणजे पाहा, आज आपली मुले जे रंगपुस्तकात करतात, तेच मळवलीचे कारागीर दगडावर करीत होते!

इथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती थोड्या पैशांत घरोघरी गेली. ज्यांना देवळात जाता येत नव्हते त्यांच्या भिंतीवरही ती लागली. घरातल्या बायका नुसती चित्रे पाहत बसल्या नाहीत. लक्ष्मीच्या लुगड्यावर त्यांनी जर लावली, टिकल्या आणि मणी शिवले. छापून आलेल्या चित्रातही त्यांनी आपल्या हाताला जागा करून घेतली. हा कारखाना १९७२ मध्ये आगीत जळाला आणि त्याबरोबर कितीतरी छापील चित्रेही गेली.

रंगवण्याचे पुस्तक हे या छपाईच्या युगाचेच अपत्य. अमेरिकेत १८८० च्या सुमारास मॅक्लॉफलिन ब्रदर्स या प्रकाशकांनी मुलांसाठी असे पुस्तक काढले. १९०३ मध्ये तिथेच मेणाच्या आठ रंगीत खडूंची पेटी पाच सेंटला मिळू लागली. आपल्याकडेही पुढे पेट्या आल्या, पुस्तके आली आणि मुलगे-मुली दोघेही रंगवू लागले. हा लाभ मोठा आहे. पण त्यात एक गोष्ट हातची गेली. रंग मुलाचा राहिला, रेघ मात्र दुसऱ्याची झाली. आणि रेघ ज्याची, ऋतूही त्याचाच. म्हणूनच पळसाच्या रानात राहणारी मुलगी ट्युलिप रंगवते आणि आपल्याकडे वसंत नाही असे समजते.

यावर तोड नव्याने शोधायला नको. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, आणि १९४५ पासून अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीला ते खेड्यात नेले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पाने, माती हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, मग ती वस्ती कोणाचीही असो. अंगण तेच, त्याचा उंबरठा तेवढा त्यांनी काढून टाकला. १९७५ पासून देशभर ज्या अंगणवाड्या सुरू झाल्या, त्यांच्या नावातही हे अंगण आहे.

त्या चैत्रात माझ्या मुलीने महिनाभर रांगोळी काढली. शेजारची मुलेही अंतर राखून, आपापल्या दारात, बघून बघून काढू लागली. त्यात मुलगे होते. एकाने हत्तीऐवजी ट्रॅक्टर काढला. आई म्हणाली, “काढू दे, गौरीला बसायला बरा!” मुलीने फोनवरचा ससाही सोडला नाही, तो कासवाच्या शेजारी बसवला आणि पळसाच्या पाण्याने केशरी रंगवला.

तेव्हा रंगपुस्तक टाकून द्या असे मी कोणाला सांगणार नाही. मुलाला ते जरूर द्यावे. मात्र त्याच्या शेजारी एक कोरा कागद ठेवावा, अंगण असेल तर हातभर जमीन सारवून द्यावी, आणि आधी त्याला दाराबाहेर नेऊन विचारावे, “आज काय फुललं आहे?” ते जे दाखवील त्याची रेघ त्यालाच काढू द्यावी. वेडीवाकडी आली तर येऊ द्यावी. उद्या सकाळी पुसून पुन्हा काढता येते.