झाडावरचें आसन



ज्वारीच्या शेतांत पांखरें हांकण्यासाठीं उभारलेला माळा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. चार मेढी, वर आडवीं लांकडें आणि त्यांवर गोफण घेऊन बसलेलें एखादें पोर. शिकाऱ्याचें मचाण म्हणजे या माळ्याचाच रानांत गेलेला भाऊ होय. भेद एवढाच कीं, माळ्यावरून हांकललेलें पांखरूं उडून जातें. मचाणाखालीं आलेलें जनावर क्वचित् वर चढूं पाहतें.

राजेरजवाड्यांची गोष्ट निराळी. त्यांनीं शिकारीसाठीं चिरेबंदी बुरूज बांधविले. उदयपुराकडे त्यांस ‘ओदी’ म्हणतात. इतरांना झाडाचाच आसरा असे. गांवकरी दोरीची बाज झाडाच्या बेचक्यांत आवळून बांधीत, भोंवतीं पालवी खोंवीत, आणि शिकारी दिवस मावळण्यापूर्वीं वर जाऊन बसे.

मचाणावर सुखाची बैठक हवी, हें ऐकून कोणी हंसेल. परंतु तेथें सुख म्हणजे चैन नव्हे. वाघाच्या नाकापेक्षां त्याचे कान अधिक तिखट. पायाला मुंग्या आल्या म्हणून शिकाऱ्यानें अंग हालविलें, बाज एकदां करकरली, कीं सारी रात्र फुकट. म्हणून आसन असें हवें कीं, माणसाला हालण्याची गरजच पडूं नये. सर सॅम्युअल बेकर या अनुभवी शिकाऱ्यानें १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मचाणावर फिरत्या बैठकीच्या स्टुलाची शिफारस केली आहे. कारण साधें आहे. उजव्या खांद्याला बंदूक लावणारा मनुष्य बसल्या जागीं डावीकडे सहज वळतो. उजवीकडे वळतांना मात्र त्याला सर्व अंग फिरवावें लागतें, आणि जनावर नेमकें उजवीकडूनच येतें! आपल्या शाळांतील बाकांचा विचार कोणी इतक्या बारकाईनें केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

उंचीचाहि असाच पेंच. फार उंच बसावें तर जनावराची नुसती पाठ दिसते व नेम चुकतो. फार खालीं बसावें तर वाघ मागल्या पायांवर उभा राहून बराच वर पोंचतो. बिबळ्याची गोष्ट याहून कठीण. तो झाडावर सहज चढतो, तेव्हां त्याच्यापुढें उंची हें संरक्षणच नव्हे.

ह्याचा प्रत्यय जिम कॉर्बेट यांना १९१० च्या सप्टेंबरांत कुमाऊंमधील पनार भागांत आला. तेथील नरभक्षक बिबळ्यानें चारशें माणसें मारलीं असें मानीत. कॉर्बेट ज्या झाडावर बसले तें एका बाजूस कललेलें होतें. चढणाऱ्याला ती पायवाटच. तेव्हां त्यांनीं लांबलचक कांटेरी फांद्या, बुडखे खालीं करून, खोडाला घट्ट बांधविल्या आणि वरचे शेंडे आपल्या दोन्ही बगलांत धरून ठेविले. समोर सुमारें तीस यार्डांवर पांढरें बोकड होतें. काळोख पडला आणि बिबळ्या बोकडाकडे न जातां झाडाखालीं आला. त्यानें त्या फांद्यांचे बुडखे दांतांत धरून हिसडे देण्यास आरंभ केला. प्रत्येक हिसड्याचा धक्का वर बसलेल्या माणसाच्या अंगाला जाणवत होता, पण खालीं कांहीं दिसत नव्हतें. त्या रात्रीं कॉर्बेट यांचा जीव त्यांच्या बंदुकीनें प्रथम वांचविला नाहीं. ज्या हातांनीं त्या गांठी मारल्या त्यांनीं तो वांचविला, असें मला वाटतें. अखेर बिबळ्या कंटाळून बोकडावर गेला व गोळीनें जखमी झाला. मग गांवकऱ्यांनीं चुडी पेटविल्या आणि त्यांच्या उजेडांत त्याच रात्रीं कॉर्बेट यांनीं त्याचा शेवट केला. शिकाऱ्यांच्या कथांत मचाण बांधणाऱ्यांचीं नांवें बहुधा नसतात. ही मोठी उणीव आहे.

पुढें १९२६ च्या मे महिन्यांत रुद्रप्रयागचा नरभक्षकहि असाच पडला. १९१८ पासून त्यानें घेतलेल्या बळींची सरकारी नोंद १२५ आहे. गोलाबराई येथें बदरीनाथच्या यात्रामार्गाजवळील आंब्यावर मचाण होतें; खालीं गळ्यांत घुंगूर बांधलेलें बोकड. दहा रात्री व्यर्थ गेल्या. अकराव्या रात्रीं घुंगूर वाजलें, बंदुकीवरील विजेरी क्षणभर लागली, गोळी सुटली आणि विजेरी विझली. मग उजाडेपर्यंत वर बसून राहणें आलें. मेलेला बिबळ्या पहांटेनंतरच सांपडला.

याच कॉर्बेट यांचा १९४७ नंतरचा काळ केनयांत गेला. तेथें न्येरीजवळ एका प्रचंड रानउंबरावर १९३२ पासून ‘ट्री टॉप्स’ नांवाचें उतारगृह होतें. तेथें बंदूक न झाडतां रात्रभर जनावरें पाहावयाचीं. ५ फेब्रुवारी १९५२ रोजीं इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ शिडीनें तेथें चढली, आणि त्याच रात्रीं तिचे वडील निवर्तले. तिच्यासमवेत शहात्तर वर्षांचे कॉर्बेट त्या झाडावर होते. तें घर १९५४ सालीं माऊ माऊ बंडांत जाळलें गेलें.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाच्या शिकारीचें मचाण इतिहासजमा झालें. मात्र बांधणें राहिलें आहे. ताडोबा, मेळघाट येथें बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर लोक बसतात. हातांत कागद व पेन्सिल असते. चांदण्यांत पाण्यावर आलेल्या जनावरांची ते नोंद करतात, आणि सकाळीं आंबलेले पाय चोळीत खालीं उतरतात.