विजयदुर्गचे ओटे आणि सूर्याची पिवळी रेघ

गोव्याहून विजयदुर्गला फिरायला गेलेला माणूस किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' बघून येतो आणि सांगतो, की हेलियमचा शोध इथे लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात म्हणे लॉकयर साहेबाने याच ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या होत्या. मीही हे कितीदा ऐकले आहे. गोष्ट छान आहे, पण त्या दिवशी लॉकयर हिंदुस्थानात नव्हताच!

ग्रहण बघायला आलेला फ्रेंच जान्सेन होता गुंटूरला. आणि आपल्या जवळच, पटवर्धनांच्या जमखंडीत, लेफ्टनंट जॉन हर्शेल होता; युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. ही जमखंडी आपल्याला कुणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

हे सगळे बघत होते ते प्रकाशाच्या रेघा. चुलीच्या जाळात मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते ना, ती त्यातल्या सोडियममुळे. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य अशा आपल्याच ठरावीक रंगरेघा देते, हे किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवले होते. कोट्यवधी मैलांवरच्या सूर्यात काय आहे हे त्याला हात न लावता कळू लागले ते तेव्हापासून. जमखंडीत ढगांच्या फटीतून हर्शेलला सूर्याच्या ज्वाळांची एक नारिंगी-पिवळी रेघ दिसली. त्याने ती सोडियमची धरली. जान्सेनने दुसऱ्याच दिवशी ग्रहणाशिवायही ज्वाळांच्या रेघा पाहून दाखवल्या.

लॉकयरने हेच इंग्लंडात बसून २० ऑक्टोबरला साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. मग लॉकयरने ती पिवळी रेघ नीट मोजली. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. फरक केवढासा! पण पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात द्रव्याशी ती जुळेना. तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम'. रसायनवाल्यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता; १८९५ मध्ये रॅमसेने एका युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू काढला तेव्हा वाद मिटला.

विजयदुर्गला लॉकयर आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. हेलियम तोवर बाटलीत येऊन तीन वर्षे होत आली होती. लॉकयरच्या तुकडीने, आरमारी बोटीवरच्या खलाशांना हाताशी धरून, लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले. ओटे असतील तर त्या खेपेचे.