वसई धर्मप्रांतातील ख्रिस्ती धर्मचिंतन

वसई धर्मप्रांतातील ख्रिस्ती धर्मचिंतन म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील कॅथलिक धर्मगुरूंनी व लेखकांनी श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्या संबंधाविषयी केलेला विचार होय. मराठी भाषा, संतपरंपरेशी संवाद आणि शेती, पाणी, श्रम यांसारख्या ऐहिक प्रश्नांची दखल ही त्याची वैशिष्ट्ये आहेत.

पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई मिळवली. त्यानंतर वसईपासून तारापूरपर्यंतच्या किनारपट्टीवर ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. १७३९ मध्ये तारापूर व वसई मराठ्यांनी जिंकली. तरीही वसईतील ख्रिस्ती समाज टिकून राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लॅटिनऐवजी लोकभाषा आली. वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८ मध्ये झाली. पालघर, बोईसर व तारापूर ही गावे याच धर्मप्रांतात येतात.

भक्तिपरंपरेशी संवाद

धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. प्रपंचात राहून देवाशी जडणारे नाते हा भक्तिपरंपरेतील आणि ख्रिस्ती विचारातील समान दुवा मानला जातो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव मानवदेह धारण करून सुताराच्या घरी वाढला. त्यामुळे घर, श्रम व शेजार हीच साधनेची क्षेत्रे ठरतात. मात्र देहधारणेची ही कल्पना आणि अवतारकल्पना एकच नव्हेत. ख्रिस्ती मतानुसार ही घटना इतिहासात एकदाच घडली आहे.

निसर्ग आणि समाज

‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक व ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी या चिंतनाला सामाजिक वळण दिले. सृष्टी ही माणसाची मालमत्ता नसून त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे, या बायबलमधील विचाराशी त्यांचा ‘हरित वसई’ चळवळीतील सहभाग सुसंगत होता. वाढत्या बांधकामांमुळे वसईतील बागायती व गोडे पाणी धोक्यात आल्याने ही चळवळ उभी राहिली होती. धर्मगुरूने सार्वजनिक प्रश्नांत उतरावे काय, हा वादही त्यातून पुढे आला. उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या (२०२०) अध्यक्षपदी झालेल्या त्यांच्या निवडीला काहींनी ते धर्मगुरू असल्याच्या कारणावरून विरोध केला होता.

बोईसर-तारापूर परिसर

वसईतील श्रद्धाजीवन शेतीच्या ऋतुचक्राशी जोडलेले होते. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा आगेरा हा सण त्याची साक्ष देतो. बोईसर-तारापूरचे जीवन मात्र १९६९ मध्ये सुरू झालेल्या अणुविद्युत केंद्राने व औद्योगिक वसाहतीने बदलले. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांसमोर विश्रांतीचा दिवस, श्रमाची प्रतिष्ठा व प्रदूषण हे प्रश्न असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांचे श्रमविषयक (१९८१) आणि पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक (२०१५) परिपत्रक याच प्रश्नांचा विचार करतात. माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे, हे त्यांपैकी पहिल्या परिपत्रकाचे मुख्य प्रतिपादन आहे.