मनगटी रक्तस्तंभन साधने

मनगटातील रोहिणीमार्गे हृदयापर्यंत नेलेली कॅथेटर ही बारीक नळी काढून घेतल्यावर छिद्रातून होणारा रक्तस्राव बाहेरून दाब देऊन थांबविणारी साधने. रक्त थांबावे, पण रोहिणी बुजू नये, हा त्यांच्या रचनेतील मूळ प्रश्न होय. त्यांचा इतिहास हा मुख्यतः दाब कमी करीत जाण्याचा इतिहास आहे.

रक्तस्तंभनाचे उपाय प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय वर्णिले आहेत. झां ल्वी पती या फ्रेंच शस्त्रवैद्यांनी १७१८ मध्ये स्क्रूने आवळावयाचा रक्तबंध प्रचारात आणला. तथापि त्याने अवयवाचा रक्तपुरवठाच खंडित होई.

हृद्-रोहिण्यांच्या तपासणीसाठी प्रथम कोपराजवळील व नंतर जांघेतील रोहिणी वापरीत. जांघेतील रोहिणी मोठी व खोल असल्याने रुग्णास कित्येक तास उताणे पडून राहावे लागे. १९८९ मध्ये माँट्रिऑल येथील ल्यूसियन कॅम्पो यांनी मनगटाच्या अंगठ्याकडील रेडियल रोहिणीतून केलेल्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे फर्डिनांड कीमेनेय यांनी याच मार्गाने हृद्-रोहिणी रुंद करण्याचा उपचार केला. वैद्य नाडी पाहतात ती हीच रोहिणी. ती उथळ असून तिच्यामागे हाड असल्याने अल्प दाबानेही रक्तस्राव थांबतो.

प्रारंभी कापडाची घडी ठेवून पट्टी घट्ट बांधीत. पुढे स्क्रूने दाब बदलता येणारे पट्टे आणि हवेच्या पिशव्यांचे पारदर्शक पट्टे आले. हवेच्या पट्ट्यात पिचकारीने सु. १३ ते १८ मिलि. हवा भरतात व काही वेळाने ती टप्प्याटप्प्याने काढून घेतात. पारदर्शकतेमुळे जखम सतत दिसते.

दाब अधिक झाल्यास रोहिणीत अंतर्क्लथन होऊन ती बुजते. करंगळीकडील अल्नर रोहिणीमुळे हाताचा रक्तपुरवठा बहुधा चालू राहतो, रुग्णास काही जाणवत नाही आणि म्हणून हा दोष सहज नजरेआड होतो. परंतु पुढील तपासणीस किंवा शस्त्रक्रियेस ती रोहिणी उपयोगी पडत नाही. समीर पांचोली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४३६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अल्नर रोहिणी दाबून धरून, बोटावरील ऑक्सिजनमापकात नाडीची लहर पुन्हा उमटेपर्यंत पट्टा सैल केला. रोहिणी बुजण्याचे प्रमाण २४ तासांनी १२ वरून ५ टक्क्यांवर, तर महिन्यानंतर ७ वरून १.८ टक्क्यांवर आले.

ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने या पद्धतीस विशेष महत्त्व आहे. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी. असून तो राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांहून किंवा जामखेडहून दूरच्या रुग्णालयात आलेल्या रुग्णास लवकर उठून बसता व चालता येणे हा मोठा दिलासा होय. मात्र घरी परतल्यावर जखम वाहू लागली, तर मदत मिळेपर्यंत तीवर बोटाने दाब देऊन धरणे रुग्णाच्या नातेवाइकांनाच करावे लागते. हे त्यांना आधी शिकविणे, रुग्णास घरी पाठविण्यापूर्वी त्याची नाडी पुन्हा तपासणे आणि शेतकऱ्यास वा ऊसतोडणी कामगारास काही दिवस त्या हाताने ओझे न उचलण्यास सांगणे हा या उपचाराचाच भाग समजला पाहिजे.