एका धाग्याची गोष्ट

दिवाळी झाली आणि दौंडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ताई, आईचा तो हिरवा स्वेटर उसवू का गं? नातीला टोपडं आणि मोजे करते म्हणते. जर्मनीत थंडी फार आहे."

मी एकदम म्हणाले, "अजिबात नाही!"

आईचा तो शेवटचा स्वेटर. पाठ पूर्ण झालेली, पुढचा भाग अर्धा, एक बाही सुईवरच. 2004 साली आई गेली तेव्हा तो जसा होता तसाच बहिणीने पिशवीत घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवला होता. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वस्तू हे इतिहासाचं साधन असतं, त्याला हात लावायचा नसतो, असं मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "साधनाला कसर लागली तर?" मग आमचं आठ दिवस बोलणं नाही. या वयात!

त्या आठ दिवसांत मी विचार केला, की साधन साधन म्हणून मी भांडते आहे, तर आईच्या या विणकामाचा इतिहास मला कितीसा ठाऊक आहे? जे ठाऊक आहे ते आज इथे मांडते. नातेवाईक मंडळींनी चुका दाखवाव्यात.

आपल्या भागाला लोकर नवी नाही. शिरूरच्या माळावर धनगरांची मेंढरं पिढ्यान् पिढ्या चरत आली आहेत. पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिचं सूत काढून मागावर घोंगडी विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची. पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली. अंगासरशी बसणारा मऊ स्वेटर त्या लोकरीचा होत नाही. शिवाय घोंगडीत उभे आणि आडवे असे दोन धागे असतात. स्वेटरमध्ये एकच धागा. तोच स्वतःच्या अढीतून पुन्हा पुन्हा बाहेर येतो. मराठीत मात्र आपण घोंगडीही विणतो, बाजही विणतो आणि स्वेटरही विणतो. एकच शब्द, कामं निराळी.

दोन सुयांचं हे विणकाम आपल्याकडे आलं ते गोऱ्या लोकांबरोबर. त्याचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले आहेत. युरोपात सोळाव्या शतकापर्यंत त्याचा मोठा धंदा झाला होता. 1589 च्या सुमारास विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्रसुद्धा बनवलं. आपल्याकडे साहेबांच्या मडमा आणि मिशनच्या बाया यांनी सुया आणल्या.

आमच्या शिरूरचा, म्हणजे जुन्या घोडनदीचा, या दोन्हींशी संबंध. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे इंग्रजांची छावणी. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री जी पलटण भीमा-कोरेगावकडे निघाली ती इथूनच. पुढे 1840 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं केलं. मिशनच्या रिचर्ड विन्सर साहेबांनी सर दिनशॉ पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा चालवली. तिथे सुतारकाम होतं, घायपाताचा वाख काढायचं काम होतं. मुलींच्या वाट्याला मिशनच्या शाळांतून सर्वत्र सुईकाम येई. आई 1938 च्या आसपास शिरूरला मिशनच्या एका बाईंकडून दोन सुया शिकली. सुरुवातीला सायकलच्या चाकाच्या तारा घासून त्यांच्या सुया केल्या होत्या, असं ती सांगायची.

वर्गात मुलांना मी एक गंमत सांगत असे. क्रिमियाचं युद्ध 1853 ते 1856. त्यात लॉर्ड कार्डिगन होता, त्याच्या नावाचा पुढून उघडा स्वेटर. लॉर्ड रॅगलन होता, त्याच्या नावाची गळ्यापासून तिरकी निघणारी बाही. आणि बालाक्लाव्हा या गावी लढाई झाली, त्या गावाचं नाव इंग्रजीत कानटोपीला! युद्धातून काय उरलं, तर तीन विणलेले कपडे. मुलं हसायची. पण ते कपडे विणले कुणी, हे ना पुस्तकात होतं, ना मी कधी विचारलं.

1946 ला आईचं लग्न झालं आणि ती दौंडला आली. वडील रेल्वेत कारकून. दौंड हे गाव रेल्वेनेच मोठं केलेलं. पुणे-सोलापूर लाईन आधीच होती. 1878 ला दौंड-मनमाड लाईन सुरू झाली आणि जंक्शन झालं. त्या लाईनचं मातीकाम दुष्काळात चाललं होतं, 1876 ते 78 च्या. पोटासाठी किती बायाबापड्यांनी तिथे टोपल्या वाहिल्या असतील! आईच्या वेळी स्टेशनपलीकडे रेल्वेच्या चाळी, बंगले, इन्स्टिट्यूट. अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. त्यातल्याच एका ड्रायव्हर साहेबांची बायको आईची मैत्रीण झाली. आम्ही मुलं त्यांना आंटी म्हणायचो, आई नुसतं 'बाई' म्हणायची.

भाषेचा आनंद होता. आईला इंग्रजी येत नव्हतं, आंटींना मराठी येत नव्हतं. दोघींचं रेल्वे-हिंदी. पण दुपारी पायरीवर बसून दोघींच्या सुया चालू झाल्या की फारसं बोलावं लागत नसे. आंटी इंग्रजी मासिकातला नमुना वाचून बोटांनी टाके दाखवायच्या. आई मनात हिशोब करून तोच नमुना आमच्या मापाचा करायची. कागदावर ओळीमागे एक उभी रेघ, पाचवी आडवी. आईचं गणित शाळेत चौथीपर्यंतचं, पण गळ्याचे टाके कमी करताना तिची चूक झालेली मी पाहिली नाही.

1962 च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा मी बारा वर्षांची होते. हिमालयात आपल्या जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, ही गोष्ट घराघरात पोचली होती. यशवंतराव नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यामुळे महाराष्ट्रात तर जोर होताच. देशभर बायका स्वेटर विणायला बसल्या. आई आणि आंटी रात्री कंदील मोठा करून विणायच्या. आईने चार स्वेटर आणि काही मोजे दिले. एका मोज्यात मी चिठ्ठी घातली होती, 'जवानदादा, हे माझ्या आईने विणले आहेत.' उत्तर आलं नाही. ते मोजे कुणाच्या पायात गेले, तो घरी परतला का, कोण जाणे.

1965 ला आंटी कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला, पर्थला गेल्या. स्वातंत्र्यानंतर अशी अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबं गेली. दोघी स्टेशनवर रडल्या. मग काही महिन्यांनी एक पार्सल आलं. आत बाटलीच्या रंगाची हिरवी लोकर आणि नमुन्यांचं पुस्तक.

आता आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. आईने मेतकूट, गोडा मसाला, आणि आंटींच्या मुलीसाठी विणलेली बंडी असं बांधलं. मांजरपाटात शिवलं, लाखेचे शिक्के मारले, आणि पत्ता मी घातला, कारण घरात इंग्रजी अक्षर माझं बरं. पत्रंही मीच वाचायची आणि मीच लिहायची. 1979 पर्यंत असं चाललं. वर्षा-दोन वर्षांनी एखादं पार्सल, कधी इकडून, कधी तिकडून. वडिलांना हे सगळं खर्चिक वाटायचं. आई म्हणायची, "माहेर शिरूरला आहे तसं एक तिकडेही आहे असं समजा."

तिचं हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं. आनंदीबाई जोशींचं चरित्र शिकवताना तर नक्कीच. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी 1880 साली दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत असताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि कुठल्या कोण मुलीला पत्र घातलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. तोंड न पाहता नातं जुळलं, कार्पेंटर बाई 'मावशी' झाल्या. जून 1883 मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा न्यायला याच मावशी. 26 फेब्रुवारी 1887 ला आनंदीबाई पुण्यात गेल्या आणि त्यांच्या अस्थी समुद्रापार त्या मावशीकडे पाठवण्यात आल्या. पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत. पत्रांनी सुरू झालेल्या देवाणघेवाणीचं शेवटचं पार्सल ते.

आणि आमच्या दौंड तालुक्यातलंच केडगाव घ्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला, मार्च 1886 मध्ये, पंडिता रमाबाई हजर होत्या. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. अमेरिकेतल्या गावोगावच्या बायकांनी मंडळं करून दहा वर्षं पैसे पाठवायचं वचन दिलं. त्यावर 1889 ला मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. पुढे 1896-97 च्या दुष्काळातल्या अनाथ मुली केडगावला आल्या आणि मुक्ती मिशन वाढलं. तिथे मुलींना मागावरचं विणकाम, शिवण, भरतकाम, तेलघाणा, छपाई असं सगळं शिकवलं. हातात कसब असेल तर बाई कुणाच्या दारात उभी राहणार नाही, हा विचार. रमाबाई 1922 साली गेल्या, मिशन अजून आहे. पुण्याला जाताना केडगाव स्टेशन आलं की आई हात जोडायची. आम्हाला वाटायचं, तिथे देऊळ आहे.

आनंदीबाई आणि रमाबाई यांची पत्रं राहिली, छापली गेली, म्हणून हा इतिहास आपल्याला ठाऊक. आई आणि आंटींचं काय राहिलं?

आता मला कबुली द्यायची आहे. मला तिकिटं जमवायचा नाद होता. पर्थहून पाकीट आलं, की पत्र वाचून झाल्यावर मी कात्रीने तिकीट कापायची. त्याबरोबर शिक्का जायचा, तारीख जायची, आणि पाठीमागे लिहिलेला पाठवणाऱ्याचा पत्ताही अर्धा कापला जायचा. पत्ता मला तोंडपाठ होता, मग जपायचा कशाला? 1979 नंतर आंटींनी घर बदललं असावं. माझं तेव्हा लग्न, नोकरी, बदल्या. आई दोनदा म्हणाली, "बाईंना एक पत्र टाक गं." मी म्हटलं, टाकते. टाकलं नाही. पुढे पत्ताच आठवेना. आई गेल्याचंही मला त्यांना कळवता आलं नाही. तिकिटांची वही मात्र अजून माझ्या कपाटात आहे, अगदी व्यवस्थित.

बत्तीस वर्षं साधनं जपा म्हणून शिकवणारी बाई ती ही!

नवव्या दिवशी मी एस.टी.ने दौंडला गेले. बहिणीने काही न बोलता चहा ठेवला. मग म्हणाली, "ताई, तू विसरतेस. हा स्वेटर आईनेच एकदा उसवलेला आहे." खरंच की. ती हिरवी लोकर शेवटच्या पार्सलातली. आधी तिचा वडिलांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर झाला होता. 1998 ला वडील गेले. काही वर्षांनी बहिणीच्या मुलाला दिल्लीला नोकरी लागली, तेव्हा आईने तो उसवून नातवासाठी नव्याने टाके घातले. आमच्या घरात एकही स्वेटर एकदाच विणला गेला नव्हता. माझा बहिणीला, बहिणीचा भावाला, वाढत्या अंगाबरोबर उसवायचा आणि नवी लोकर जोडून पुन्हा विणायचा. एका धाग्याचं काम असतं म्हणूनच ते जमतं. घोंगडी उसवता येत नाही.

मी म्हटलं, "आधी मोजू दे." दोघींनी बसून टाके मोजले, ओळी मोजल्या, नमुना वहीत उतरवून घेतला. सुलट दोन, उलट दोन, मध्ये जाळीची ओळ. भाच्याला पाठवायला फोटो काढले. मग बहिणीने टोक सोडवलं आणि ओढलं. सरसर आवाज येतो उसवताना, तो लहानपणचा आवाज. मी खुर्चीच्या पाठीवर लडी करत गेले. मध्ये मध्ये आईच्या गाठी लागत होत्या, इतक्या बारीक की बोटालाच कळाव्यात.

उरलेल्या लोकरीचा एक गुंडा होता. आई नेहमी कागदाची घडी आत घालून गुंडा करायची. तो उलगडला तर आत पाकिटाचा तुकडा निघाला. एका कोपऱ्याला कात्रीने कापलेला चौकोन. आंटींच्या अक्षरात आईचं नाव, खाली 'दौंड'. मागच्या बाजूला पत्त्याची शेवटची ओळ, 'पर्थ' एवढंच शिल्लक.

बहीण माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

लडी कोमट पाण्यात धुऊन, खाली वजन बांधून वाळवली. सुरकुत्या गेल्या. टोपडं झालं, मोजे झाले, गेल्या महिन्यात पार्सल जर्मनीला गेलंही. पत्ता मीच घातला. परवा भाच्याने फोटो पाठवला, टोपडं थोडं मोठं होतंय, पण पोर वाढेल. सूनबाईंनी उलट टपाली तिकडची पांढरी लोकर पाठवली आहे, "मावशींसाठी" म्हणून. मला सुया धरून चाळीस वर्षं झाली. बहिणीकडून पुन्हा शिकते आहे.

आलेलं पाकीट तिकिटासकट वहीत ठेवलं आहे. असो.