डिझेल मोटारगाडीचे इंजिन तेल

डिझेल मोटारगाडीचे इंजिन तेल हे डिझेल इंजिनातील फिरत्या व सरकत्या भागांचे घर्षण कमी करणारे वंगण होय. बोलीभाषेत त्यास 'इंजिन ऑइल' किंवा नुसते 'ऑइल' म्हणतात. वंगणाखेरीज पिस्टनची उष्णता वाहून नेणे, काजळी तरंगत ठेवणे, ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले निष्प्रभ करणे आणि पिस्टन-रिंग व सिलिंडर यांमधील सूक्ष्म फट बंद राखणे ही कामेही ते करते. जुन्या गाडीसाठी तेल निवडताना इंजिनाच्या वयापेक्षा उत्पादकाने नेमून दिलेली श्रेणी, धूर-नियंत्रक उपकरणे आणि तेल बदलण्याची नियमितता या बाबी निर्णायक ठरतात.

काजळी आणि तेलाचा रंग

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. या प्रकारच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा अतिशय दाबून तापवली जाते आणि तीत इंधन फवारताच ते पेटते. फवाऱ्यातील काही भागाला पुरेशी हवा न मिळाल्याने काजळी तयार होते व तिचा अंश पिस्टन-रिंगांच्या बाजूने तेलात उतरतो. त्यामुळे नवे तेल थोड्याच अंतरात काळे पडते. केवळ काळा रंग हे तेल निकामी झाल्याचे लक्षण नव्हे. तेलातील रसायने काजळी तरंगत ठेवत असल्याचे ते द्योतक असते. ही रसायने संपल्यावर मात्र काजळीचे कण एकत्र येतात, तेल घट्ट होते आणि बारीक तेलमार्गांत गाळ साचतो. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकत असल्याने तेलपुरवठा खंडित झाल्यास तो अल्पावधीत निकामी होतो.

दाटपणा (श्यानता)

तेलाच्या डब्यावरील '१५डब्ल्यू-४०' अथवा '५डब्ल्यू-३०' ही एसएई श्रेणी होय. पहिला आकडा थंडीतील प्रवाहिता दर्शवतो. तो जितका लहान तितके तेल गारठ्यात सहज वाहते. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सियसला '३०' श्रेणीचे तेल ९.३ ते १२.५, तर '४०' श्रेणीचे तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असते.

जुन्या इंजिनात अधिक दाट तेल घालावे, असा समज सर्वत्र आढळतो. दाट तेलाने आवाज व तेलाची खपत तात्पुरती कमी भासू शकते. परंतु झिजलेल्या रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बोची गळती यांपैकी मूळ कारण कायम राहते. शिवाय सकाळी गाडी सुरू करताना दाट तेल इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा इत्यादी गाड्यांत वापरलेल्या फियाटच्या १.३ लिटर इंजिनात टायमिंग चेन ताणून धरण्याचे काम तेलाच्या दाबावर होते. अशा इंजिनात अयोग्य किंवा जीर्ण तेलाचा परिणाम चेनवरही होतो.

गुणवत्ता-श्रेणी आणि उत्सर्जन मानके

दाटपणा सारखा असूनही दोन तेलांची गुणवत्ता भिन्न असू शकते. अमेरिकेतील एपीआय संस्थेच्या 'सी'ने सुरू होणाऱ्या श्रेणी डिझेल इंजिनासाठी असतात; उदा. सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२) आणि सीके-४ (२०१६). या श्रेणी मुख्यतः अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी आखलेल्या असल्याने अनेक मोटारगाड्यांच्या पुस्तिकेत युरोपीय एसीईए श्रेणीही दिलेली असते.

भारतात बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर, तर बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-३ काळात डिझेलमधील गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती. ती बीएस-४ मध्ये ५० व बीएस-६ मध्ये १० पीपीएमवर आली. बीएस-६ डिझेल मोटारगाड्यांत काजळी अडवणारा गाळक (डीपीएफ) सर्रास आढळतो. तेलातील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही व या गाळकात कायमची साचते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे तेल अनिवार्य असते. अडकलेली काजळी जाळण्यासाठी जादा इंधन फवारले जाते. फेऱ्या लहान असल्यास ही क्रिया अपुरी राहून डिझेल तेलात मिसळते. डिपस्टिकवरील पातळी आपोआप वाढणे हे त्याचे लक्षण असून असे पातळ झालेले तेल त्वरित बदलणे आवश्यक असते.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती

बुलढाणा जिल्ह्याचे स्थानिक बोलीत 'घाटावरचा' व 'घाटाखालचा' असे दोन भाग मानले जातात. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे तालुके पूर्णा खोऱ्याच्या सखल मैदानात येतात व तेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग अजिंठा डोंगररांगेच्या पठारावर आहे. मलकापूर–बुलढाणा मार्गावरील राजूर घाट भरल्या गाडीने चढताना इंजिनावर मोठा भार येतो. अशा वेळी तेलाइतकेच कूलंट, रेडिएटर व पंखा यांचे आरोग्य महत्त्वाचे असते. काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरील धुळीमुळे एअर फिल्टर लवकर चोंदतो. फाटलेल्या फिल्टरमधून शिरलेली धूळ सिलिंडर झिजवते. मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर दीर्घकाळ वेगाने गाडी चालवल्यास इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर संथ चालू ठेवल्याने टर्बो थंड होतो.

ग्रामीण भागात पुष्कळ गाड्या लग्नकार्य, दवाखाना व बाजार एवढ्यापुरत्याच निघतात. कमी किलोमीटर झाल्याने तेल चांगले असेलच असे नाही. ओलावा व आम्ले यांमुळे उभ्या गाडीतील तेलही जीर्ण होते. म्हणून किलोमीटर किंवा मुदत (बहुधा एक वर्ष) यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते प्रमाण मानले जाते.

जुनी गाडी घेताना तपासणी

पाहणीपूर्वी इंजिन पूर्ण थंड असणे इष्ट असते. तापवून ठेवलेल्या गाडीत अनेक दोष झाकले जातात.

- निळसर धूर : इंजिनात तेल जळत असल्याचे लक्षण.
- दाट काळा धूर : हवा कमी किंवा इंधन जास्त, चोंदलेला फिल्टर, सदोष इंजेक्टर अथवा टर्बो.
- इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर : न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे कूलंट.
- तेल दुधाळ दिसणे : तेलात पाणी मिसळल्याची शक्यता, हेड गॅस्केटची तपासणी आवश्यक.
- तेलाचे झाकण उघडल्यावर जोराने बाहेर येणारा वायू : रिंग व सिलिंडरची झीज.

देखभाल

पूर्वीच्या सर्व्हिसिंगची नोंद उपलब्ध नसल्यास गाडी ताब्यात येताच तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलणे श्रेयस्कर असते. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तोही बदलावा लागतो. तो तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळोवेळी काढावे लागते. तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहतात. ती डिपस्टिकवरील दोन खुणांच्या दरम्यान असावी. अधिक तेल भरणेही अपायकारक असते, कारण क्रँकशाफ्टच्या घुसळणीने त्यास फेस येऊन दाब घटतो. तेलदाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागल्यास इंजिन तत्काळ बंद करणे हाच उपाय होय.

वापरलेले तेल

'जळके ऑइल' लाकडाला वाळवीपासून वाचवण्यासाठी लावण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते. त्यात जड धातू व कर्करोगजनक घटक असतात आणि नाल्यात ओतल्यास पाणी व माती दूषित होते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित असते.