टेनिस : राजवाड्यांतून हिरवळीवर

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत खेळाचें आयुष्य फार थोडें असतें. मुलगा पदवीधर झाला कीं त्याची बॅट माळ्यावर जाते; मुलीच्या बाबतींत तर तितकीहि वाट पाहिली जात नाहीं. पन्नाशी उलटलेला गृहस्थ सकाळीं रॅकेट घेऊन निघाला, तर शेजारीपाजारी गालांतल्या गालांत हंसतात. हें हंसणें मीं गेलीं कांहीं वर्षें अनुभवलें आहे. त्याचें उत्तर या खेळाच्या इतिहासांतच आहे, असें मला वाटतें.

टेनिसचें मूळ मध्ययुगीन फ्रान्समध्यें सांपडतें. तेथें प्रथम तळहातानेंच चेंडू मारीत. रॅकेट मागाहून आली. खेळ चाले तो चार भिंतींच्या आंत, आणि त्याचें खरें कौतुक झालें तें राजवाड्यांत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीस त्याचा मोठा नाद होता. फ्रान्सचा आठवा चार्ल्स तर १४९८ सालीं आंबॉइझच्या वाड्यांत हा खेळ पाहावयास जात असतां ठेंगण्या दाराच्या चौकटीवर डोकें आपटून गतप्राण झाला. पुढें २० जून १७८९ रोजीं व्हर्साय येथें सभागृहाचीं दारें बंद आढळल्यावर लोकप्रतिनिधि टेनिसच्याच एका कोर्टांत जमले, आणि राज्यघटना झाल्याखेरीज आपण पांगणार नाहीं, अशी त्यांनीं शपथ घेतली. राजांच्या आवडत्या खेळाच्या अंगणांतच राजसत्तेस आव्हान मिळावें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा!

परंतु हा खेळ भिंतींबाहेर आला, तो क्रांतीमुळें नव्हे, रबरामुळें. जुना चेंडू चिंध्या घट्ट गुंडाळून केलेला असे. तो फरशीवर उसळे, गवतावर उसळत नसे. गंधकाच्या योगें रबर टिकाऊ व लवचिक करण्याची युक्ति चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं साधली. गवत कापण्याचें यंत्र एडविन बडिंग यानें त्याआधींच, १८३० सालीं, काढलें होतें. उसळणारा चेंडू आणि सपाट हिरवळ हीं दोन्हीं हातीं आल्यावर बर्मिंगहॅमच्या हॅरी जेम व ऑगुरिओ परेरा या स्नेह्यांनीं १८६० च्या सुमारास घरच्या हिरवळीवर हा खेळ मांडला. १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यानें जाळें, चेंडू, रॅकेटी व नियमांचें पुस्तक एका पेटींत घालून विक्रीस काढलीं. विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ सालची. तींत बावीस जणांनीं नांवें दिलीं व स्पेन्सर गोर विजयी झाला. सात वर्षांनीं, १८८४ सालीं, तेथें स्त्रियांचे सामनेहि सुरू झाले.

म्हणजे आजचें टेनिस जन्मलें तें आखाड्यांत नव्हे, घराच्या बागेंत. आणि थोड्याच वर्षांत स्त्रीपुरुष दोघांचेंहि झालें. त्याच्या मोजमापांतहि एक प्रकारची दया आहे. एकेरी खेळांत कोर्टाची रुंदी २७ फूट; ती सारी एकट्यानें सांभाळावयाची. दुहेरींत ती ३६ फूट होते खरी, पण प्रत्येकाच्या वाट्यास अठराच येतात! वय वाढलें तर खेळ सोडावयाचा नाहीं, सोबती घ्यावयाचा, असेंच जणू हें गणित सांगतें. १८५८ सालीं जन्मलेला स्वीडनचा राजा पांचवा गुस्ताव ऐंशी उलटल्यावरहि टेनिस खेळत असे. आपल्याकडेहि उदाहरण नाहीं असें नाहीं. शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या, संस्कृत ग्रंथकर्त्री पंडिता क्षमाबाई राव, स्वतः टेनिस खेळत. त्यांची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विंबल्डनवर सामना जिंकला. तसा तो जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. ज्या घरांत पोथी आणि रॅकेट यांचें वैर नव्हतें, त्या घराचें हें फळ.

हें वाचीत असतां मला माझें घर आठवलें. महाविद्यालयांत असतां माझी पत्नी उत्तम खेळे. लग्नानंतर तिची रॅकेट सुटली आणि ती कां सुटली, हें मीं तिला तीस वर्षांत कधीं विचारलें नाहीं. गेल्या दिवाळीपासून ती माझ्याबरोबर कोर्टावर येते. तिचा हात माझ्याहून अधिक सफाईदार आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. शेजाऱ्यांच्या हंसण्यावर मीं रागावत होतों. पण माझें इतक्या वर्षांचें न विचारणें त्याहून निराळें होतें काय?

टेनिसमध्यें एक डाव गेला तरी पुढचा शून्यापासूनच सुरू होतो. गेलेलीं तीस वर्षें कांहीं परत येत नाहींत. मात्र उद्यां सकाळीं आम्हां दोघांस ३६ फूट सांभाळावयाचे आहेत.